परत म्हणायची सवय

बाई,

ज्या खोलीत तुम्हाला कधी कुणी 'बसा' म्हटलं नाही, त्या खोलीत आज सकाळी मी बसून बोलले, आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. जे बोलले ते चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. तरी दुपारचा डबा तसाच राहिला. केबिनमध्ये बसवेना म्हणून उगाच वॉर्डांतून एक फेरी मारून आले, तर सिस्टरना वाटलं मी काही तपासायलाच आलेय, त्या बिचाऱ्या घाईघाईनं चादरी ओढून सरळ करायला लागल्या. आता संध्याकाळची ड्यूटी लागलीय आणि मी दार लोटून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या हॉस्पिटलात तुम्हाला पांढऱ्या साडीत पाहिलेली माणसं म्हणजे मी आणि एक्स-रेचे मामा, एवढीच उरली आहेत. तुमच्या जागेवर आता मी आहे. पाटीवर नर्सिंग डायरेक्टर लिहिलंय, पण खेड्यांतून येणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांच्या तोंडी मी मेट्रनबाईच आहे. मला ते पाटीपेक्षा जास्त आवडतं, पण पाटीही आवडते. तिच्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्या वेळची वरच्या मजल्यावरची बैठक मला आठवते. विश्वस्त आत, डॉक्टर आत, हिशेब बघणारे काका आत. तुम्हाला बोलावणं आलं की तुम्ही पदर सारखा करून जायचात आणि दाराशी उभ्या राहायचात. मी शिकत होते तेव्हा एकदा तुमच्यामागे सामान घेऊन आले होते. दारातून मला आतली एक रिकामी खुर्ची दिसत होती. तिच्यावर कुणाची तरी टोपी ठेवलेली होती. तुम्ही दहा खाटांच्या नव्या वॉर्डाबद्दल काहीबाही उत्तरं देताय, आत कुणी पान लावतंय, आणि मी त्या टोपीकडे बघतेय. तुम्ही विचारलं तेवढं सांगितलंत आणि मागे फिरलात. जिना उतरताना माझ्यानं राहवलं नाही. मी तेव्हा दिंद्रुडहून नुकतीच आलेली, तोंडात गावची भाषा, म्हटलं, "बाई, तुमाला बसायला कावून म्हणत न्हाईत?" तुम्ही पायऱ्या उतरतच म्हणालात, "बसून काय करू? पेशंट खाली हायत." किती वर्षं मी हे वाक्य नव्या मुलींना कौतुकानं सांगत आले. अलीकडे मात्र ते आठवलं की मला तुमचा थोडा राग येतो. पेशंट खाली होते हे खरं, पण त्यांचं काय करायचं ते वर ठरत होतं, बाई. तुम्हाला ते कळत नव्हतं असं मी मानणार नाही.

मला खुर्ची मिळाली ती काही माझ्या कर्तबगारीवर भाळून नाही. हॉस्पिटल वाढलं, शेजारचा प्लॉट घेऊन नवी इमारत झाली, मग मानांकन हवं झालं. तपासायला आलेल्या लोकांनी विचारलं, तुमच्या व्यवस्थापनात नर्सिंगचं कोण आहे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या महिन्यात माझ्या नावाची पाटी टेबलावर आली. पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून वेळेच्या आधीच जाऊन बसले. समोर काजूची बशी, पाण्याची बाटली, आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना. तेवढ्यात आमचे मोठे डॉक्टर आत आले, म्हणजे हॉस्पिटलचे मेडिकल डायरेक्टर, सगळे त्यांना सर म्हणतात. आणि मी ताडकन उभी राहिले. राउंडला उभं राहायची आयुष्यभराची सवय, पायांना काय माहीत आपण आता व्यवस्थापनात आहोत. एचआरचा पोरसवदा मॅनेजर लॅपटॉपच्या आड हसला. सर म्हणाले, बसा मॅडम, बसा. मी बसले, पण नंतर चहा आला तेव्हा ट्रे घेऊन सगळ्यांना वाटायला पुन्हा उठणारच होते. कसंबसं स्वतःला आवरलं. घरी येऊन मालकांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि तिच्यात तुमचा हात आहे.

तुम्हाला तो दिवस आठवत नसणार, कारण असले दिवस तुमचे रोजचेच. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी उलटून माणसं आली होती. डॉक्टर एका पेशंटवर वाकलेले, त्यांनी मान वर न करता मला इंजेक्शन सांगितलं. मी मान हलवली आणि औषधाच्या कपाटाकडे पळाले. तुम्ही कपाटाला पाठ लावून उभ्या. "काय सांगितलं त्यांनी?" मी औषधाचं नाव सांगितलं. "किती?" ते मी नीट ऐकलंच नव्हतं. तुम्ही सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणालात, "मान काय डोलावतीस नंदीबैलावानी? तोंड दिलंय न्हवं देवानं? त्यांनी सांगितलं की मोठ्यानं परत म्हणायचं. त्यांना ऐकू गेलं पायजे की तू काय ऐकलंस." मी परत गेले, विचारलं, मोठ्यानं म्हटलं, डॉक्टर हो म्हणाले, मग इंजेक्शन दिलं. लाजेनं माझे कान तापले होते. आणि तुमचं तेवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी क्वार्टरवर बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा. स्टोव्हवर येसराची आमटी उकळतेय, तुम्ही भाकरी थापताय आणि मला एकेक काम सांगताय. मीठ घाल चिमूटभर. मी म्हणायचं, चिमूटभर मीठ घालते बाई. ताट वाढ, भाकरी दोन. ताट वाढते, भाकरी दोन. हसले की तुम्ही उलथनं उगारायचात. त्या आठवड्यात मी झोपेतही परत म्हणत असेन. जाताना तुम्ही मला येसराचा डबाभर मसाला दिलात, आईच्या हाताची आठवण येत असंल म्हणून. मला आईच्या हाताची आठवण येत नव्हती, तिच्या हातचं येसर तुमच्यापेक्षा तिखटजाळ होतं, पण मी रडले.

ही सवय मग हाडात गेली. मी शिकवलेल्या प्रत्येक मुलीच्या हाडात मी ती घातली. तोंडी ऑर्डर आली की परत म्हणायची. आपल्या धंद्यात याचा अर्थ एवढाच की मी असं ऐकलं, बरोबर ना? हो म्हणणं वेगळं, पटणं त्याहून वेगळं. वॉर्डात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मागच्या बैठकीतली गोष्ट. नव्या इमारतीत आयसीयू सुरू होणार, त्याला सिस्टर हव्यात, नवी भरती इतक्यात नाही. सर कागदात बघत, राउंडवर सांगतात तशाच सुरात म्हणाले, लहान मुलांच्या वॉर्डात संध्याकाळी आणि रात्री एकच सिस्टर राहील, दुसरी आयसीयूला जाईल. आणि मी, बाई, पेन हातात धरून, स्पष्ट आवाजात म्हटलं, "लहान मुलांच्या वॉर्डात संध्याकाळी आणि रात्री एक सिस्टर, दुसरी आयसीयूला." मला पुढे बोलायचं होतं. पण वॉर्डात आपण परत म्हटलं की डॉक्टर थांबतात, हो किंवा नाही म्हणतात, मग आपली शंका विचारता येते. इथे सर म्हणाले, "गुड," आणि गाडी पुढच्या विषयावर गेली, पार्किंगवर. इतिवृत्तात आलं की नर्सिंग विभागाने सहमती दिली. त्या खोलीत एवढे शिकलेले लोक होते, त्यांना वाटलं मॅडमनीच ठरवलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. त्यांच्यात पटल्याशिवाय कुणी दुसऱ्याचं वाक्य उचलून म्हणत नाही.

मुलांच्या वॉर्डाची इन्चार्ज आष्टीकडची आहे, तोंडाची फटकळ आणि कामाला वाघ. ती दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आली आणि बसली नाही. "मॅडम, तुमीच हो म्हणलात म्हणं." मी तिला सगळं समजावलं. परत म्हणायच्या सवयीचं सांगितलं, मला वाटलं ती हसेल, तिलाही मीच शिकवलंय. ती हसली नाही. म्हणाली, "बैठकीत काय बोलत्यात ते आमाला काय म्हाईत. तुमी तिथं हायत म्हणून आमी गप व्हतो." आणि गेली. हे वाक्य मला अजून बोचतंय. तुम्ही दाराशी उभ्या असायचात तेव्हा आम्ही निदान आपसात बडबडायचो, आमचं कुणी ऐकत नाही म्हणून चिडायचो. मी आत बसले म्हणून त्या निर्धास्त झाल्या, आणि मी आत बसून घात केला.

तुम्हाला काय सांगायचं मुलांचा वॉर्ड म्हणजे काय. कारखाने बंद झाले की ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात, आष्टीकडून, धारूरकडून, आणि सोबत सहा महिने उसाच्या पाचटात खेळलेली पोरं. ताप, जुलाब, छाती भरलेली. एका खाटेवर एक पोर आणि त्याच्या उशा-पायथ्याला सगळं घर. एवढ्याशा हाताला शीर सापडत नाही. आई पोराला धरून बसलेली, सिस्टर वाकून शीर शोधतेय, आणि नेमकं तेव्हाच पलीकडच्या कोपऱ्यातलं पोर निळं पडायला लागतं. दुसरी सिस्टर असते ती याच्यासाठी. दिवसभर तिच्याकडे बघितलंत तर वाटेल ही नुसती हिंडतेय. हे कागदावर कसं मांडायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

मग माझी धावपळ सुरू झाली. सरांना गाठलं. ते वाईट माणूस नाहीत, कामात बुडालेले आहेत. म्हणाले, मॅडम, इतिवृत्तात गेलंय, पुढच्या बैठकीत मांडा, पण आता तुम्हीच तुमच्या विरुद्ध बोलणार का? एचआरच्या पोरानं पडद्यावर मला रंगीत चौकोन दाखवले, त्यात मुलांचा वॉर्ड हिरवा होता, म्हणजे तिथं माणसं पुरेशी आहेत. मी म्हटलं, रात्री येऊन बघा. तो खरंच आला असता, मुलगा चांगला आहे, पण नंतर विसरला. घरी मालक म्हणाले, निवृत्ती जवळ आलीय, कशाला वाकड्यात शिरतेस? मी भाजी चिरताना, आंघोळ करताना भाषणं करत होते. मनात एकच भीती होती आणि ती मुलांची नव्हती, हे इथे सांगूनच टाकते. भीती ही होती की सगळे म्हणतील, बघा, नर्सला व्यवस्थापनात बसवलं की असं होतं, आधी हो म्हणते मग नाही म्हणते. मग माझ्यामागून कुणालाच बसवणार नाहीत.

आज सकाळी बोलले. अध्यक्षस्थानी आप्पा होते. तुमच्या वेळचे जे अध्यक्ष, त्यांचे हे धाकटे चिरंजीव. मोंढ्याच्या धान्यबाजारात आडत दुकान आहे, कपाळावर भस्म, बोलणं मऊ, आणि ठरवलेलं सहसा बदलत नाहीत. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, माझ्या नावावर लिहिलेलं मी मान्य केलेलं नाही. आप्पांनी चष्मा काढला. "मॅडम, आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलंय."

"मी ऐकलेलं परत म्हटलं, आप्पा. आमच्यात तशी पद्धत आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, कारण त्यांना पद्धत माहीत आहे, त्यांची प्रत्येक तोंडी ऑर्डर आम्ही अशीच घेतो. आप्पा म्हणाले, "बरं. मग आता तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, मुलांच्या वॉर्डातून एकही सिस्टर हलवायची नाही. का ते सांगितलं, दुसरी सिस्टर नुसती हिंडताना का दिसते तेही सांगितलं. बरं सांगितलं असावं, कारण मध्ये कुणी फोनकडे बघितलं नाही. मग त्यांनी विचारलं, मग आयसीयूला कुठून आणायच्या ते सांगा. आणि बाई, हे माझ्याकडे तयार होतं. मी म्हटलं, स्पेशल रूममधून. तिथे खोल्या थोड्या, सिस्टर जास्त, आणि निम्मा वेळ त्या नातेवाइकांना टीव्हीचा रिमोट शोधून देतात.

स्पेशल रूममध्ये सध्या आप्पांचे थोरले बंधू आहेत. मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं मला माहीत आहे. आप्पांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सरांना म्हणाले, "करा तसं." मी मनातल्या मनात तुम्हाला हाक मारली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, अगदी सहज, पाणी मागावं तसं, "आणि सर, बैठक जरा आटोपशीर करू आपण. पुढच्या वेळेपासून नर्सिंगचा विषय असेल तेव्हा मॅडमना बोलावत जाऊ. त्यांना वॉर्डात कामं असतात."

यावर मी काय म्हणाले असेन? थँक यू म्हणाले. कागद गोळा केले, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि थँक यू म्हणून बाहेर आले. जिन्यात आल्यावर स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

खाली बातमी माझ्याआधी पोचली होती. आष्टीची इन्चार्ज पेढे घेऊन आली, आता मात्र बसली, म्हणाली, "मॅडम, लई जिवाला लागलं व्हतं. तुमी आमची लाज राखली." बाकीच्या पोरी दारात उभ्या. मीही हसले, पेढा खाल्ला, कामाला लागा म्हटलं. खुर्ची गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जाऊ द्या मॅडम, तिथं काय ठेवलंय, आपलं काम झालं. अगदी तुमच्यासारखं बोलली. आणि मीही म्हटलं, हो ना, काय ठेवलंय तिथं.

हे मी खोटं बोलले. तिथं बरंच काही ठेवलंय. विषय नर्सिंगचा आहे की नाही ते आता दुसरे ठरवणार, आणि त्यांच्या लेखी आयसीयू हा इमारतीचा विषय असतो, औषधखरेदी हा हिशेबाचा, पार्किंग हा पार्किंगचा. मला बोलावतील तेव्हा ठरून गेलेलं असेल, मला फक्त विचारलं तेवढं सांगायचं. तुम्ही हे करून दाखवलंत, एक शब्द न काढता, आणि तुम्हाला सगळ्यांनी साध्वी केलं. मला ते जमणार नाही. म्हणून उद्या सकाळी मी मोंढ्यात आप्पांच्या दुकानावर जाणार आहे. माझी खुर्ची मला परत द्या असं सांगणार आहे, माफी मागणार नाही, पण खुर्ची मागणार आहे. वेळ पडली तर त्यांच्या बंधूंची मी स्वतः रोज विचारपूस करेन असंही म्हणेन. हो, इतकी खाली उतरेन. नर्सिंगचं हित, पुढच्या पोरींचं भलं, ही कारणं मी त्यांना देईन आणि ती खरी आहेत. पण तुमच्यापुढे कशाला लपवू? मला तिथे बसायला आवडतं. माझ्या नावाची पाटी आवडते. मी बोलत असताना सर पेन खाली ठेवतात ते आवडतं. आज जिन्यात मला मुलांच्या वॉर्डाचा आनंद कमी आणि खुर्चीचं दुःख जास्त झालं.

तुम्ही आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाहीत. तुम्ही असतात तर जायच्या आधी मी तुम्हाला विचारायला आले असते, तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी गेले नसते. बाई, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा, तुम्ही नाहीत याचं मला बरं वाटतंय.